दोन सह्यांचा चेक आणि चार आकडी पिन : ऑनलाइन रमीचे एक प्रकरण

कळव्यात राहणारे आणि महापे येथील एका पॅकेजिंग कारखान्यात स्टोअर इन्चार्ज असलेले अडतीस वर्षांचे एक गृहस्थ जून २०२५ मध्ये पत्नीसह ठाण्यातील आमच्या समुपदेशन केंद्रात आले, तेव्हा त्यांच्यावर सुमारे साडेसहा लाख रुपयांचे देणे होते. दीड वर्षात साचलेले हे देणे जवळजवळ सगळे ऑनलाइन रमीचे होते. पतपेढीत पत्नीचे दागिने गहाण पडले होते, भविष्य निर्वाह निधीतून आगाऊ रक्कम काढून झाली होती, झटपट कर्ज देणाऱ्या तीन ॲपांचे हप्ते थकले होते, आणि पत्नी चालवत असलेल्या भिशीचे पैसे तिच्याच फोनवरून परस्पर वळते केल्यामुळे ही गोष्ट घरात उघड झाली होती. दोघांच्या लेखी संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मात्र ज्या तपशिलांवर विश्लेषण उभे आहे त्यांना हात लावलेला नाही.

देण्याचा आकडा पाहता हे प्रकरण वेगळे नाही. वेगळे होते ते या गृहस्थांचे बाकीचे आयुष्य. कारखान्यात प्रत्येक मालाचे बिन कार्ड, म्हणजे आवक-जावक आणि शिलकेची नोंद, ते स्वतः भरत आणि वर्षअखेरच्या मोजणीत त्यांच्या स्टोअरचा हिशेब जुळत असे. राहत्या सोसायटीचे ते सहा वर्षे खजिनदार होते, गणेशोत्सव मंडळाची पावतीपुस्तकेही त्यांच्याकडेच असत, आणि या दोन्ही ठिकाणी एका रुपयाचीही तक्रार कधी आलेली नव्हती. “रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे मागून घेतात हे, मॅडम, आणि एका रात्रीत अठरा हजार घालवले?” हा त्यांच्या पत्नीचा पहिल्या भेटीतला प्रश्न होता, आणि मला तो शास्त्रीयदृष्ट्याही योग्य प्रश्न वाटला. व्यसनाविषयीच्या संशोधनात आवेगशीलता, म्हणजे परिणामांचा विचार न करता तत्काळ कृती करण्याची प्रवृत्ती, हा मध्यवर्ती घटक मानला जातो. मग जो माणूस चार कोटेशन घेतल्याशिवाय सोसायटीचा पंपदेखील बदलू देत नाही, त्याच्यात ही प्रवृत्ती नेमकी कोठे शोधायची?

पहिल्या भेटीत अर्थातच या प्रश्नाला हात घातला नाही. कर्जबाजारी जुगाराच्या प्रकरणात आत्महत्येच्या विचारांची विचारणा आडवळणाने करू नये, ती स्पष्ट शब्दांत करावी, हा आमच्याकडचा नियम आहे. आपण नसतो तर विम्याच्या पैशांतून देणी फिटली असती, असा विचार मनात येऊन गेल्याचे त्यांनी सांगितले. ठरवलेली योजना मात्र नव्हती. त्याच आठवड्यात त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, नैराश्यासाठी औषधे सुरू झाली, आणि शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून घेतला.

खेळाचा वेग

खेळाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय खेळणाऱ्याचे मन समजत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीचा बराच वेळ त्यांनी मला तेरा पानी रमीची ‘पॉइंट’ पद्धत समजावून सांगण्यात गेला. या पद्धतीत प्रत्येक गुणाला पैशात किंमत ठरलेली असते. पहिल्याच पाळीला डाव सोडला तर २० गुण, मध्येच सोडला तर ४० गुण जातात, आणि जोकरशिवायची एक शुद्ध क्रमवारी लागण्याआधी समोरच्याने डाव जाहीर केला तर हातातली सगळी पाने मोजली जाऊन जास्तीत जास्त ८० गुणांचा फटका बसतो. एका गुणाला दहा रुपये धरले तर एका डावात आठशे रुपये जाऊ शकतात. डाव काही मिनिटांत संपतो, पाने पिसण्यात वेळ जात नाही, समोरचा भिडू उठून गेला तर पुढच्या क्षणी दुसरा बसलेला असतो, आणि खात्यातले पैसे संपले तर यूपीआयचा चार आकडी पिन टाकताच त्यात भर पडते.

त्यांचा खेळ प्रामुख्याने दोन जागी चाले. एक म्हणजे ठाणे स्थानकातील नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म आणि तेथून सुटणारी ट्रान्स-हार्बर गाडी. कळव्याहून ठाण्याला येऊन घणसोलीकडे जाताना मिळणारा हा वेळ ते लहान रकमांवर खेळत आणि बहुधा वेळेवर थांबत. दुसरी जागा म्हणजे रात्री साडेअकरानंतरचा घराचा जिना. मोठे नुकसान या दुसऱ्या जागेत झाले होते. ॲपमधून उतरवून घेतलेली खेळाची जंत्री आणि त्यांनी आठवून लिहिलेल्या दिवसाच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा पाच हजारांच्या वर रक्कम गेलेल्या बहुतेक रात्रींच्या आधी त्याच दिवशी काहीतरी घडलेले दिसले: कर्जवसुलीचा फोन, वरिष्ठांनी सर्वांसमोर केलेली कानउघाडणी, मुलीच्या क्लासच्या फीवरून घरात झालेली बोलाचाली. जिंकलेल्या दिवशी मात्र ते उलट लवकर झोपत.

कौटुंबिक इतिहासात वडिलांचा मटका होता. वडील वागळे इस्टेटमधील कारखान्यात कामाला असताना रोज आकडा लावत. पण मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ यांच्यात काही तासांचे अंतर असते, आकडा लावायला बुकीपर्यंत चालत जावे लागते, आणि हरलेली रक्कम वसूल करण्याची संधी लवकर मिळत नाही. वडिलांचे नुकसान पगाराच्या मर्यादेत राहिले, त्याचे श्रेय त्यांच्या संयमाला किती द्यायचे आणि या संथपणाला किती, हे आज सांगता येणार नाही. परंतु मुलाच्या प्रकरणात हा संथपणा नाहीसा झालेला होता, एवढे निश्चित.

मापनातून काय दिसले

निदानाबाबत संदिग्धता नव्हती. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या पाचव्या निदानपुस्तिकेने जुगाराच्या विकाराला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात आणले. त्यापूर्वी तो आग लावण्याची किंवा चोरी करण्याची अनावर इच्छा यांसारख्या आवेग-नियंत्रणाच्या विकारांत गणला जाई. पुस्तिकेच्या नऊ निकषांपैकी वर्षभरात चार आढळले तरी निदान होते. येथे सात आढळले. २००१ मध्ये कॅनडात तयार झालेल्या समस्याजन्य जुगाराच्या नऊ प्रश्नांच्या निर्देशांकावरही त्यांचे गुण ८ या मर्यादेच्या बरेच वर होते.

आवेगशीलतेच्या मापनात चित्र गुंतागुंतीचे झाले. १९९५ मध्ये सध्याच्या रूपात आलेल्या बॅरट मापनीत तीस विधाने असतात आणि लक्ष, हालचाल व नियोजन अशा तीन अंगांनी उतावळेपणा मोजला जातो. या मापनीवर हे गृहस्थ सर्वसाधारण निघाले. नियोजनाच्या विधानांवर तर ते नको इतके काटेकोर होते. थांबण्याच्या क्षमतेसाठी लोगन आणि कोवन यांच्या १९८४ मधील मांडणीवर आधारलेली संगणकीय चाचणी दिली. यात पडद्यावर बाण दिसताच त्या दिशेची कळ दाबायची असते, पण काही वेळा बाणापाठोपाठ सूर ऐकू येतो आणि दाबायला निघालेले बोट जागीच रोखावे लागते. सुरापर्यंतचे अंतर कमी-जास्त करत माणसाला थांबायला किती वेळ लागतो याचा अंदाज काढतात. त्यांचे बोट चांगले थांबत होते. २०१२ मध्ये केंब्रिजच्या करेन एर्श आणि सहकाऱ्यांनी उत्तेजक द्रव्यांचे व्यसन असलेल्या व्यक्तींबरोबर त्यांच्या निर्व्यसनी सख्ख्या भावंडांनाही अशीच चाचणी दिली होती. दोघांनाही थांबणे जड गेल्याने हा दोष व्यसनाच्या आधीपासून घरात असू शकतो, असे दिसले. आमच्या प्रकरणात मात्र हा मार्ग बंद होता. वडिलांचा मटका आणि मुलाची रमी यांच्यात वारसा असलाच, तर तो बोट थांबवण्याच्या अक्षमतेचा नव्हता.

तिसरे साधन सर्वांत उपयोगी पडले. व्हाइटसाइड आणि लायनम यांनी २००१ मध्ये आवेगशीलतेची फोड केली ती अशी: पूर्वविचाराचा अभाव, चिकाटीचा अभाव, थराराची ओढ आणि त्रासदायक भावनेच्या भरात होणारी घाई. पुढे तिच्यात आनंदाच्या भरात होणाऱ्या घाईची भर पडली आणि मापनी पाच अंगांची झाली. या पाचांपैकी चार अंगांवर त्यांचे गुण सामान्य होते. त्रासदायक भावनेच्या भरातील घाईवर मात्र ते ठळकपणे वर होते, आणि जिन्यातल्या रात्रींच्या नोंदींशी हे तंतोतंत जुळत होते. विधाने मराठीतून तोंडी समजावून घेतलेली असल्यामुळे या गुणांना मी दिशादर्शक मानते, निर्णायक नाही.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक वाटते, कारण आपल्याकडील अहवालांत ती बहुधा गाळली जाते. प्रश्नावलीने मोजलेली आवेगशीलता आणि संगणकीय चाचणीने मोजलेली आवेगशीलता यांचा परस्परसंबंध अत्यंत क्षीण असतो, हे सायडर्स आणि जोश्कुनपिनार यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले आहे. एका चाचणीवर नापास झाला म्हणून माणूस आवेगशील आणि उत्तीर्ण झाला म्हणून संयमी, असा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालावर मी तरी सही करणार नाही.

उरला तो विलंबाचा प्रश्न. उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेची किंमत मनात किती घसरते हे मोजण्यासाठी कर्बी, पेट्री आणि बिकेल यांची सत्तावीस प्रश्नांची यादी वापरतात. १९९९ मध्ये या तिघांनी हेरॉइनच्या व्यसनींमध्ये ही घसरण इतरांपेक्षा तीव्र असल्याचे दाखवले होते. मूळ यादीत आज ५४ डॉलर की ११७ दिवसांनी ५५ डॉलर, आज ११ डॉलर की ७ दिवसांनी ३० डॉलर, असे प्रश्न आहेत. आम्ही ते रुपयांत, योग्य त्या पटीत विचारले. उत्तरांवरून येणारा घसरणीचा दर मेझरच्या १९८७ मधील सूत्रात बसवतात: आज वाटणारी किंमत म्हणजे रक्कम भागिले (एक अधिक दर गुणिले दिवस). दर ०.०१ असेल तर महिन्याने मिळणारे हजार रुपये आज सुमारे ७६९ रुपयांचे वाटतात, दर ०.१ असेल तर तेच हजार रुपये अवघ्या २५० रुपयांचे भासतात. या गृहस्थांचा दर ०.१ च्या आसपास आला, म्हणजे घसरण चांगलीच तीव्र होती.

हा आकडा पाहून एका विद्यार्थ्याने लगेच ‘उच्च आवेगशीलता’ असे लिहिले. मी ते खोडायला लावले. ज्याच्या फोनवर दिवसातून पाच वेळा वसुलीवाले ओरडत आहेत आणि ज्याच्या थकलेल्या हप्त्यावर दंड चढत आहे, त्याने महिन्यानंतरच्या हजारांपेक्षा आजचे पाचशे पसंत केले तर त्यात मनोविकार कमी आणि व्यवहार जास्त आहे. हा दर त्यांच्या स्वभावाचा की त्यांच्या परिस्थितीचा, हे देण्याची व्यवस्था लागल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नव्हते. म्हणून ती जागा अहवालात रिकामी ठेवली.

‘एका पानाने गेला’

बोधनाचा, म्हणजे माणूस मिळालेल्या माहितीचा अर्थ कसा लावतो याचा भाग त्यांच्या बोलण्यातूनच समोर आला. हरलेल्या डावांचे वर्णन ते ‘एका पानाने गेला’ असे करत. “मॅडम, मी जुगार खेळत नाही, रमी खेळतो. सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय,” हे त्यांचे दुसरे आवडते वाक्य. ते अगदीच निराधार नव्हते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि ॲपांच्या जाहिराती याच आधारावर उभ्या होत्या. परंतु पाने चांगली खेळता येणे आणि कोणत्या डावानंतर उठावे हे कळणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. शिवाय प्रत्येक डावातून कंपनीचा वाटा कापला जात असल्यामुळे, सारख्याच कुशल भिडूंनी दीर्घकाळ आपापसांत खेळत राहिले तर सगळे मिळून तोट्यातच जातात.

थोडक्यात हुकलेल्या डावाविषयी ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांचा २००९ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. स्लॉट मशिनसारख्या, म्हणजे फिरणारी चित्रे जुळली तर जिंकण्याच्या, खेळात अगदी जवळ येऊन हुकलेले डाव खेळणाऱ्यांना साध्या हारीपेक्षा अधिक अप्रिय वाटले, तरीही त्यांच्यानंतर पुढे खेळण्याची इच्छा वाढली, आणि मेंदूतील जे भाग जिंकल्यावर सक्रिय होतात त्यांपैकी काही अशा हुकण्यानेही सक्रिय झाले. इच्छेतील ही वाढ खेळणाऱ्याने चित्र स्वतः निवडलेले असतानाच दिसली. रमीत तर प्रत्येक पान खेळणारा स्वतः उचलतो आणि टाकतो.

हे शब्दांत समजावण्यापेक्षा मी टेबलावर खरे पत्ते मांडले. दोन जोड आणि दोन छापील जोकर मिळून १०६ पाने. त्यांच्या हातात बदाम छक्की आणि बदाम अठ्ठी. मधली सत्तीच हवी आणि शुद्ध क्रमवारीत जोकर चालणार नाही. आपल्या हातातली तेरा, उघडे पडलेले एक आणि जोकर ठरवणारे एक पान वगळले तर न दिसलेली ९१ पाने उरतात आणि त्यांत बदाम सत्त्या दोन. म्हणजे एका उचलीत ती मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन, आणि दहा उचली मिळाल्या तरी शंभरात एकवीसच्या आसपास. त्यांनी पाने पिसली आणि एकेक उचलायला सुरुवात केली. चौकट सत्ती आली तेव्हा ते पटकन म्हणाले, “बघा, जवळ आलंय.” आणि लगेच गप्प झाले. स्टोअरमध्ये अर्ध्या इंचाचा बोल्ट मागितल्यावर त्याच रंगाच्या खोक्यातला पाऊण इंची बोल्ट निघाला, तर तो ‘जवळ आला’ असे तुम्ही म्हणाल का, असे मी विचारले. त्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढची पाने मुकाट्याने उचलली. सत्ती सतराव्या उचलीला आली. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांच्या नोंदवहीत ‘एका पानाने’ हे शब्द दिसले की त्यांपुढे कंसात ‘९१ पैकी २’ असेही लिहिलेले असे.

ही जाणीव उपयोगी पडली, पण तिच्यावर माझी फारशी मदार नव्हती. दुपारी टेबलावर पटलेली शक्यता रात्री साडेअकराला वसुलीच्या फोननंतर आठवेलच, असे त्रासदायक भावनेच्या भरातील घाईविषयी जे कळलेले आहे त्यावरून म्हणवत नाही.

मांडणी आणि उपाय

निर्णायक धागा पैशांच्या तपशिलात सापडला. सहा वर्षे सोसायटीचे सुमारे चार लाख रुपये यांच्या हाताखाली होते. सर्वांत वाईट महिन्यातही त्यांनी ते वापरले नाहीत. कारण विचारल्यावर त्यांनी प्रथम प्रामाणिकपणा सांगितला, आणि तो खराच होता. पण तोच प्रामाणिक माणूस पत्नीच्या भिशीचे पैसे तिच्या फोनवरून वळते करून बसला होता. फरक एवढाच की सोसायटीच्या चेकवर सचिवांची दुसरी सही लागे आणि तो वटायला दिवस जाई. पत्नीच्या फोनचा पिन मात्र त्यांना पाठ होता. यादी पुढे नेली तेव्हा हाच नियम सर्वत्र दिसला. मुदत ठेव मोडायला शाखेत जावे लागत होते, ती शाबूत होती. मुलीच्या नावावरचे सुकन्या समृद्धी खाते तसेच होते. दागिने गहाण पडले होते खरे, पण ते खेळण्यासाठी नव्हे, ॲपचा थकलेला हप्ता भरण्यासाठी, आणि तेही दोन दिवस विचार करून. खेळात गेलेला जवळजवळ प्रत्येक रुपया काही सेकंदांत हाती येणारा होता.

त्यामुळे ‘मनावर ताबा ठेवा’ या सल्ल्याला येथे काही अर्थ नव्हता. ताबा होताच, त्याला काम करायला वेळ मिळत नव्हता. उपाय असा हवा होता की भावना आणि पैसा यांच्यामध्ये एक रात्र उभी राहील.

दुसरी सही पत्नीची असावी असे मी सुचवले. पत्नीने साफ नकार दिला. “म्हणजे मी आता यांची वॉर्डन व्हायचं? आधी दागिने दिले, आता पहाराही मीच द्यायचा?” हा नकार मला पूर्णपणे योग्य वाटला, आणि अशा प्रकरणांत पत्नीला गृहीत धरण्याची सवय आम्हा समुपदेशकांनाही आहे, हे येथे नोंदवून ठेवते. अखेर डोंबिवलीत राहणारे थोरले बंधू तयार झाले. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी बँकेच्या स्थायी सूचनेनुसार मोठा भाग दोघा भावांच्या संयुक्त सहीने चालणाऱ्या खात्यात जाई. तेथे यूपीआय नव्हते आणि पैसे काढायचे तर दादांची सही लागे. स्वतःच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पाच हजार. पत्नीने फोनचा पिन बदलला आणि महिन्यातून एकदा दोन्ही खात्यांचे उतारे पाहण्यापलीकडे कोणतीही जबाबदारी घेतली नाही.

याला पूरक असे दोन अभ्यास दिले. इच्छा अनावर झाली की तिच्याशी न झगडता ती चढते कशी आणि ओसरते कशी हे वीस मिनिटे घड्याळ लावून लिहायचे. ॲलन मार्लट यांनी पुन्हा व्यसनाकडे वळणे टाळण्यासाठी मांडलेल्या पद्धतीतील हे तंत्र आहे. दुसरा अभ्यास भविष्यातला एखादा प्रसंग तपशिलात डोळ्यांसमोर आणण्याचा. २०१० मध्ये पीटर्स आणि ब्यूखेल यांनी दाखवले की निवड करताना पुढच्या विशिष्ट प्रसंगाची आठवण करून दिली तर उशिरा मिळणाऱ्या रकमेची घसरण कमी होते. ‘मुलीचे भविष्य’ इतके ढोबळ चित्र उपयोगाचे नसते. त्यांनी निवडलेला प्रसंग असा होता: दहावीचा निकाल, अकरावीच्या प्रवेशाची फी भरायची रांग, आणि हातात तयार असलेला डिमांड ड्राफ्ट. कर्जवसुलीचे फोन सर्वांत मोठी ठिणगी ठरत होते, म्हणून बंधूंनी तिन्ही ॲपांची थकबाकी एकरकमी मिटवली आणि ती रक्कम स्वतःला हप्त्यांनी परत करण्याचा लेखी करार केला. माझ्या मते सगळ्या उपायांत याच गोष्टीने सर्वाधिक फरक पडला.

ऑगस्टनंतर

याच सुमारास परिस्थितीने एक अनपेक्षित प्रयोग घडवला. ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्रीय कायदा संसदेत मंजूर होऊन २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुरवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा ठरला, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. काही दिवसांतच त्यांच्या फोनमधील रमी पैशांविना उरली.

पाच दिवसांनी गणपती आले. मंडळाच्या मांडवात जागरणाला पत्ते बसतात, आणि तेथे जाऊ नका असे मी बजावून सांगितले होते. ते गेले. दहा-दहा रुपयांच्या रमीत रात्री दोनपर्यंत बसले, चाळीस रुपये हरले आणि उठून घरी आले. ना ओढ, ना वसूल करण्याची घाई. हा प्रकार मी उत्तेजनार्थ सांगत नाही, अशा प्रसंगातून व्यसन पुन्हा सुरू झालेली अनेक प्रकरणे आहेत. पण तेच पत्ते, तोच खेळ, आणि वर्तन संपूर्ण निराळे, हे निरीक्षण टाळताही येत नाही. पाने हाताने पिसली जात होती, पैसे रोख आणि खिशात होते तेवढेच होते, आणि समोर सोसायटीचे सचिव बसलेले होते.

ऑक्टोबरात त्यांनी आनंदाने सांगितले की आता ते ‘ट्रेडिंग शिकत’ आहेत. पाच हजारांतून बाजूला काढलेल्या पैशांवर निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक वर जाईल की खाली यावरच्या मुदतीच्या सौद्यांत, मंगळवारच्या एक्स्पायरीला (मुदत संपण्याच्या दिवशी) सौदे सुरू झाले होते. शब्द बदलले होते, वाक्यांची घडण तीच होती: ‘वीस पॉइंटने हुकलं’, ‘ॲव्हरेज केलं असतं तर निघालो असतो’. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. हा आकडा त्यांना ठाऊक होता. “उरलेल्या सातांत येता येतं, मॅडम, अभ्यास लागतो,” असे ते म्हणाले.

यावरून कायदा व्यर्थ ठरला असे कोणी म्हणेल, तर मला ते मान्य नाही. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. त्यांचे मोठे नुकसान रात्रीचे होते, आणि रात्री सौदा करायला जागाच उरली नव्हती. दिवसा ते स्टोअरमध्ये, समोर माल उतरवणारे हमाल आणि चलने. तीन आठवड्यांत त्यांचे बत्तीसशे रुपये गेले, पाच हजारांची मर्यादा असल्यामुळे त्याहून अधिक जाणे शक्यच नव्हते, आणि नोव्हेंबरात त्यांनी स्वतः डीमॅट खाते बंद करण्याचा अर्ज दिला. खेळ बदलला तरी घाई उरते, हे खरे. परंतु ती किती रकमेपर्यंत जाऊ शकते हे रस्त्यात किती अडथळे आहेत त्यावर ठरते, हेही या तीन आठवड्यांत दिसले.

शिल्लक बाबी

जानेवारी २०२६ मध्ये विलंबाची चाचणी पुन्हा घेतली. घसरणीचा दर ०.१ वरून ०.०१६ च्या आसपास आला होता. म्हणजे महिन्याने मिळणारे हजार रुपये आता अडीचशेऐवजी सुमारे ६७५ रुपयांचे वाटत होते. यात उपचाराचा वाटा किती, नैराश्य कमी झाल्याचा किती आणि वसुलीचे फोन बंद झाल्याचा किती, हे एका माणसाच्या दोन मोजण्यांवरून वेगळे काढता येत नाही. त्रासदायक भावनेच्या भरातील घाईचे गुण मात्र फारसे हललेले नाहीत. ते मला अपेक्षितच होते. वेंडी स्लट्स्के आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथील दीर्घ अभ्यासातून दाखवले की तिसऱ्या वर्षी नोंदवलेला आवरता न येणारा स्वभाव एकविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षीच्या जुगाराच्या समस्येशी जोडलेला आढळतो. स्वभावाची मुळे इतकी जुनी असतील तर सहा-सात महिन्यांच्या भेटींत ती उपटली जावीत, ही अपेक्षाच चुकीची ठरेल.

बंधूंना परत करायचे देणे अद्याप सुमारे पाच लाख रुपये आहे आणि हप्ता दरमहा चौदा हजार. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खजिनदारपद सोडावे की नाही यावर घरात मतभेद झाले. पत्नीचे मत सोडावे असे होते, माझे मत ठेवावे असे होते, कारण त्यांच्या वर्तनातील सर्वांत निरोगी भाग त्या दोन सह्यांच्या चेकबुकात होता. त्यांनी ते ठेवले, मात्र सचिवांना प्रकरणाची कल्पना देऊन.

सध्याचा वाद संयुक्त खात्यावरून आहे. आता विश्वास ठेवावा आणि दादांची सही काढावी, असे ते म्हणतात. दादाही दर महिन्याला डोंबिवलीहून येऊन कंटाळले आहेत. सही काढण्यास मी संमती दिलेली नाही. ठरले आहे ते असे की मार्चअखेर, वर्षाची मोजणी आणि त्याबरोबर येणारा कामाचा ताण संपेपर्यंत, व्यवस्था आहे तशीच ठेवायची. एप्रिलपासून स्वतःच्या खात्यातील मर्यादा पाच हजारांवरून आठ हजारांवर न्यायची, सही तशीच ठेवायची, आणि तीन महिन्यांचे उतारे पाहून पुढचे ठरवायचे.